उलाळ

रात्री साडेअकराला माझं विमान बेंगळुरूच्या धावपट्टीवरून उडालं. इंजिन बंद होतं. इंजिन चालू करायचं बटण कुठलं, हे मी अजून शोधतच होतो. पडद्यावर विमान क्षणभर शहाण्यासारखं उभं राहिलं. मग खाली कुणी सुतळी बॉम्ब लावावा तसं सरळ वर गेलं, हवेत दोन कोलांट्या घेतल्या आणि नाकावर परत आलं. उन्हाळ्याची सुट्टी म्हणून जागी असलेली मुलगी शेजारी बसली होती.

"बाबा, हे हेलिकॉप्टर आहे?"

"नाही गं, विमान आहे."

"मग बेडकासारखं काय करतंय?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मिळायला मला दोन रात्री लागल्या.

मी एका सहकारी बँकेत हिशेबाच्या टेबलावर बसतो. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवतो आणि संध्याकाळी घरी येऊन विमान उडवतो. खरं विमान माझ्या पगारात फक्त खिडकीतून बघता येतं, म्हणून संगणकावरचं. फ्लाइटगिअर नावाचं सिम्युलेटर आहे. ते फुकट मिळतं, त्याचा सगळा कोड खुला आहे आणि त्यात कुणालाही स्वतःचं विमान बनवता येतं. या 'कुणालाही'वर विश्वास ठेवणाऱ्यांची एक जमात आहे. तिचा मी आजीव सभासद.

विमान बनवायचं म्हणजे चित्र काढायचं, असा माझा समज होता. चित्र हा नंतरचा साजशृंगार. आधी लिहायची एक मजकुराची फाइल, एक्सएमएलमध्ये, कोनी कंसांच्या जंगलात. पंखांचं क्षेत्रफळ किती, वजन किती आणि ते कुठे कुठे ठेवलंय, चाकं कुठे, इंजिनाला रेटा किती, शेपटीची पट्टी हलवली तर नाक किती खाली जातं, हे सगळं तिच्यात आकड्यांनी सांगायचं. मग आत बसलेला जेएसबीसिम नावाचा हिशेबनीस ती फाइल वाचतो आणि सेकंदाला १२० वेळा ठरवतो की हे विमान आता कुठे असायला हवं. आमच्या बँकेत ताळेबंद वर्षातून एकदा होतो. मार्च महिन्यात तेवढ्यासाठी दोघांचं ब्लडप्रेशर वाढतं. इथे सेकंदाला १२० ताळेबंद. आणि एकही आकडा चुकला तर ऑडिटर शेरा मारत नाही, तो थेट विमान मारतो.

तयार विमानं शेकड्यांनी मिळतात, मग ही खाज कशाला, असं बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. कारण होतं एचटी-२. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात बनलेलं, ऑगस्ट १९५१मध्ये पहिल्यांदा उडालेलं, आपल्याकडे आखलेलं दोन जणांचं शिकाऊ विमान. ते आखणारे विष्णू माधव घाटगे आमच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या हवेच्या गणितातल्या महर्षींच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेले. आमचं गाव तिथून दोन कोसांवर. लहानपणी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे नाव इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते आमच्या भावकीतलेच असावेत असा मला बरीच वर्षं संशय होता. तेव्हा विमान करायचं तर हेच.

सुरुवात गोड झाली. एअरोमॅटिक नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो स्थळ बघायला आलेल्या मंडळींसारखे मोजके प्रश्न विचारतो. विमान कसलं? वजन किती? पंखांचा पसारा किती? इंजिनं किती, कुठे? मी सांगितलं: पसारा ३५ फूट २ इंच, लांबी २४ फूट ८ इंच, रिकामं वजन १५४० पौंड, भरलेलं २२४०, नाकावर १५५ अश्वशक्तीचं सायरस मेजर इंजिन. त्याने लगेच फाइलचा सांगाडा काढून दिला. सोबत एक नम्र सूचनाही होती, की हे सगळे अंदाज आहेत. लग्नाळू मुलाच्या पगाराबद्दल असते तशी. पण मी एक्सएमएलला सत्य मानणाऱ्या पिढीतला. मला वाटलं, झालं काम, आता रविवारी उडवू.

रविवारी ते उडालं. वर सांगितलं तसं.

बेडकाचं कोडं असं होतं. एचटी-२चं तयार चित्र मला मिळालं नव्हतं, म्हणून दुसऱ्याच एका शेपटीच्या चाकाच्या विमानाचं चित्र उसनं घेतलं होतं. शेजाऱ्याचा सदरा घालावा तसं. त्याची चाकं जमिनीला टेकावीत म्हणून मी फाइलमधली चाकं खाली खाली ओढत गेलो आणि ती फूटभर जमिनीत गेली. त्यात स्प्रिंग. स्प्रिंगचा आकडा काढणं खरं तर तिसरीचं गणित आहे: पुढच्या एकेका चाकावर साधारण हजार पौंड येणार, तेवढ्यात स्प्रिंग चार इंच दबायला हवी, चार इंच म्हणजे तृतीयांश फूट, म्हणून दर फुटाला तीन हजार पौंड. मी तीस हजार टाकलं होतं. शून्याला किंमत नसते असं म्हणणाऱ्याने बँकेत एक दिवस काढावा. फूटभर दबलेल्या दोन स्प्रिंगा, प्रत्येकी तीस हजार पौंडांनी, बावीसशे पौंडांच्या विमानाला खालून ढकलत होत्या. वजनाच्या जवळजवळ २७ पट. यापुढे इंजिनाची गरज काय?

शून्य खोडलं, चाकं वर घेतली, विमान जमिनीवर टेकलं. आता उड्या मारेना. फक्त थरथरत राहिलं, पहिल्या पगाराच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरासारखं. उसळी मारणारा आकडा मी बदलला होता, पण ती शमवणारा आकडा वेगळा असतो. तोही बदलला. थरथर थांबली. मी स्वतःला चहा करून दिला.

मग इंजिन. त्याची फाइल वेगळी, पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, त्याहून वेगळी. पंख्याचं जडत्व किती, या रकान्यात मी तूर्तास शून्य ठेवलं, नंतर बघू म्हणून. इंजिन चालू करताच पडदा काळा झाला आणि आकड्यांच्या खिडकीत उंची, वेग, दिशा, सगळीकडे एकच शब्द उमटला: नॅन. म्हणजे 'हा आकडाच नव्हे'. हिशेबनिसाने कशाला तरी शून्याने भागलं होतं आणि मग त्याचा वात साऱ्या विमानात पसरला होता. बायको मागून जाता जाता पडदा वाचत म्हणाली, "अरे, नान मागवतोयस तर दोन बटर सांग."

त्यानंतरच्या आठवड्याला मी उचलीचा आठवडा म्हणतो. पंखामुळे विमान वर उचललं जातं त्या बळाला मराठीत उचल म्हणतात, आणि सहकारी बँकेतल्या माणसाला उचल हा शब्द ऐकला की आधी तारण आठवतं. कारखान्याच्या हंगामात मी लाखांच्या उचली मंजूर झालेल्या पाहिल्यात. माझ्या विमानाला मात्र पंखांकडून छदामही मिळेना. बेंगळुरूच्या जुन्या विमानतळाची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. एवढ्यात जम्बो जेट उडतं. माझं एचटी-२ पूर्ण थ्रॉटलवर पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, कुंपण ओलांडून पुढे गेलं आणि रस्त्याने लागलं. गावची एसटी असती तर वाटेत दोन प्रवासी घेतले असते.

कारण अगदी क्षुल्लक होतं, म्हणून सापडायला चार रात्री. नाक हवेच्या दिशेपेक्षा जेवढं वर कराल तेवढी उचल वाढते. मी पुस्तकातून आकडा घेतला, दर अंशाला ०.०९. आकडा बरोबर होता. पण जेएसबीसिम कोन अंशांत मोजत नव्हता, रेडियनमध्ये मोजत होता, आणि एका रेडियनमध्ये ५७.३ अंश असतात. म्हणजे पंखाला मिळत होता रुपयातला पावणेदोन पैसे हिस्सा. तेवढ्यात कोण उठून उभं राहतं?

एककांचा हा जाच वेगळाच. फाइलमध्ये फूट, इंच, पौंड, मीटर सगळं चालतं, फक्त शेजारी एकक लिहायचं. काही लिहिलं नाही तर तो आपल्या मनाने इंग्रजी मापं धरतो. आणि जडत्वाच्या मापात येतो स्लग. सुमारे ३२ पौंडांचा एक स्लग. इंग्रजीत स्लग म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. माझ्या विमानाला गरगरण्याचा येणारा आळस गोगलगायीत मोजला जातो हे कळल्यावर मला इंग्रजांबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

त्यात दोन नकाशे. सुटे भाग कुठे बसवलेत हे सांगताना नाकापासून मागे जाणारं अंतर अधिक आणि वरची दिशा अधिक. पण विमानावरची बळं मोजताना पुढची दिशा अधिक आणि खालची अधिक. एकाच शेताचे दोन सातबारे, दोन्हींवर तलाठ्याची सही. म्हणूनच की काय, उचल मिळाल्यावर पहिल्यांदा काठी मागे ओढली तर विमान नाक वर करायच्या ऐवजी खाली करून पट्टीत घुसलं. उणे चिन्ह. शेपटीची पट्टी खाली गेली की कोन अधिक, आणि त्याने नाक खाली जातं म्हणून परिणाम उणे. हे मी उलटं लिहिलं होतं. या बाबतीत माझी चूक मला सगळ्यात जास्त लागली. ग्राहकाची जमा ती बँकेची देणी, हे वाक्य मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी पाठ करायला लावतो.

एक रात्र तर एका तिरप्या रेघेने खाल्ली. टॅग, म्हणजे कोनी कंसांतली खूण, बंद करताना ती राहून गेली होती. प्रोग्रॅमने चूक दाखवली ती ४१२व्या ओळीत, चूक होती २०७व्या. चोर पळून गेल्यावर गल्लीच्या टोकाला पोलीस ज्याला धरतात तो ४१२वा. पुढे जाऊ.

या सगळ्यात एक गोष्ट राहून राहून मनात यायची. १९५०च्या आसपास त्या माणसांनी हेच आकडे काढले होते. वजन कुठे, पंख कुठे, शेपटी केवढी. हाताशी स्लाइड रूल, ड्रॉइंग बोर्ड, वाऱ्याचा बोगदा. आणि त्यांची फाइल चुकली असती तर मुलीने बेडूक म्हणून हसून विषय संपला नसता. आत बसणारा माणूस खरा होता. माझ्यापाशी एवढा संगणक आणि मी शून्य खोडतोय.

एप्रिलच्या शेवटी अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे पुण्याला आले. ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर हिरवं फडकं, टीव्ही बघू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून ते माझ्या मागे खुर्ची टाकून संगणक बघू लागले. डॉक्टरांनी संगणकाचं नाव घेतलं नव्हतं.

तोवर विमान उडत होतं. म्हणजे जमिनीवरून सुटत होतं. पण हवेत गेलं की पाचदहा सेकंदांत नाक वर करायचं, मी काठी पुढे ढकलायचो, ते जरा खाली यायचं, मग आणखी जोरात वर. शेवटी उभंच राहायचं, वेग संपायचा आणि गटांगळ्या खात खाली. मी शेपटी वाढवली. इंजिन अर्धा इंच खाली वाकवलं. आकडे दहा टक्क्यांनी इकडे, वीस टक्क्यांनी तिकडे. वैद्य बदलावेत तसे तक्ते बदलले.

अण्णांनी एका डोळ्याने तीन वेळा हे मरण पाहिलं. मग म्हणाले, "मागं कोण बसलंय रं?"

"कुठे?"

"तुज्या इमानात. मागल्या अंगाला. गाडी उलाळ झालीया बघ."

उलाळ हा शब्द मी तीस वर्षांनी ऐकला. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की आसाच्या मागे वजन जातं, धुरा वर उठते, जू बैलांच्या मानेवरून सुटू बघतं आणि गळ्याला फास बसतो. सुगीला, तिवड्याभोवती म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाभोवती बैल फिरवून मळणी घालायचे त्या दिवसांत, कडब्याच्या पेंढ्यांवर आम्ही पोरं मागे जाऊन बसलो की अण्णा ओरडायचे, पुढं या, गाडी उलाळ होतीया.

"अण्णा, हवेत चाकं नाहीत. आस कुठला?"

"मग कशावर तोलून ऱ्हातंय ते?"

"पंखावर."

"मग तोच आस." आणि खिशातून तंबाखूची डबी काढली. माझ्या परीने विषय तिथे संपायला नको होता, पण त्यांच्या परीने संपला.

फाइलमध्ये खरंच अशी एक जागा असते. पंखाची सगळी बळं जिथे लागतात असं धरायचं तो बिंदू. आणि वजनाच्या प्रकरणात दुसरा बिंदू, जिथे सगळ्या वजनाचा तोल येतो. दुसरा पहिल्याच्या फार मागे गेला की नाक वर उठतं आणि उठतच जातं. हे मी वाचलं होतं, त्याखाली पिवळी रेघही मारली होती. रिकाम्या विमानाचा तोल मी दहा वेळा तपासला होता. माणसं मात्र तपासली नव्हती.

दोन माणसं, एकामागे एक, प्रत्येकी १८० पौंड. मागच्याची जागा नाकापासून, माझ्या नकाशावर मोजून, १२९ इंच. फाइलमध्ये होती १९२.

मी कॅल्क्युलेटर उचललाही नाही. १९२ वजा १२९, त्रेसष्ट. नऊ साते. ताळेबंदातला फरक नवाने निःशेष भागला गेला की समजायचं, कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलीय. हे बँकेत नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि शिकवणारा बहुतेक वेळा मीच असतो. माझा मागचा माणूस गेले तीन आठवडे नाकापासून सोळा फूट मागे, शेपटीच्या पोकळीत, अंधारात बसून होता. त्याच्यामुळे विमानाचा तोल पाच इंच मागे सरकला होता. पाच इंच, आणि मी शेपटी बदलत बसलो होतो.

त्याला पुढे आणून बसवलं. आकडे जतन केले. विमान उडालं, नाक जरा वर केलं, काठी सोडली आणि ते आपणहून सरळ झालं. दोन मिनिटं मी हात लावला नाही. ते नुसतं जात राहिलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आता बोअर झालं." माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी पावती.

अण्णा म्हणाले, "आता हसूरला ने."

बेळगावच्या सांबऱ्याहून निघालो. तिथून गडहिंग्लज सरळ रेषेत जवळ, ताशी शंभर मैलांनी वीस मिनिटांचा प्रवास. सिम्युलेटरमध्ये आपल्याकडचा मुलूख म्हणजे हिरव्या-तपकिरी चौकटींची गोधडी. गावं अशी दिसत नाहीत. पण एका ठिकाणी नदीची निळी रेघ वळली आणि अण्णांनी पडद्यावर बोट टेकवलं. हिरण्यकेशी. बोटाचा ठसा अजून आहे, मी पुसलेला नाही, बायकोला पुसू दिलेला नाही. मग ते दिशा सांगू लागले: "उजव्या अंगानं घे. ह्ये संपलं की हसूर. त्येच्या पल्याड आपलं माळरान." पडद्यावर तिथे काहीच नव्हतं, तीच गोधडी. त्यांना मात्र सगळं दिसत होतं, आणि तेही एकाच डोळ्याने.

"उतरव की हितं. सपाट हाय."

विमानतळ वगैरे काही नव्हतं. पण अण्णांना नाही कोण म्हणणार? वेग कमी केला, नाक धरलं, चाकं टेकली. चक्क टेकली. उडी नाही, थरथर नाही. मुलगी टाळ्या वाजवायला हात उचलते न उचलते तोच विमान जरासं डावीकडे वळलं. शेपटीच्या चाकाच्या विमानांची ही खोड आहे: तोल पुढच्या चाकांच्या मागे असतो, म्हणून जरा वळलं की शेपूट पुढे धावू बघते. मी उजवा ब्रेक दाबला. ते आणखी डावीकडे. मी आणखी जोरात उजवा दाबला. ते जागच्या जागी गोल फिरू लागलं. एक फेरा, दोन फेरे, तीन. ब्रेकचं डावं-उजवं मी कुठल्या चाकाला लिहिलंय हे मला पाचव्या फेऱ्याला लक्षात आलं.

अण्णांनी तंबाखू मळायची थांबवली. जरा वेळ ते फिरणारं विमान बघितलं.

"मळणी घालतोयस व्हय?" ते म्हणाले. "मग तिवडा कुठाय?"